यादी पाठवत नाही, पत्र पाठवतोय

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मित्रा,

तुझा निरोप वाचला. लेकीला सॅटच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या, सराव परीक्षेत गणितात 800 पैकी 760 आणि रीडिंग-रायटिंगमध्ये 590. खाली तुझी मागणी: 'तिकडे मिळणारं अवघड शब्दांचं जाडजूड पुस्तक पाठवून दे.' पुस्तक पाठवत नाही. रागावू नकोस, का ते सविस्तर लिहितो.

तुझ्या डोक्यात अजून आपण जीआरई, ती पदवीनंतरच्या प्रवेशाची परीक्षा, दिली तेव्हाचा काळ आहे. हॉस्टेलच्या गच्चीवर बसून आपण अवघड शब्दांच्या याद्या घोकल्या, त्या तेव्हा लागायच्याही. सॅटमध्येही शब्दांच्या जोड्या लावायचे प्रश्न असत, पण ते 2005 मध्ये गेले. 2016 मध्ये परीक्षा पुन्हा बदलली आणि दुर्मिळ शब्दांवरचा भर ओसरला. 2023 पासून तुमच्याकडे आणि 2024 पासून इथे ती लॅपटॉपवर होते. रिकाम्या जागी शब्द भरायचा प्रश्न आताही येतो, पण तिथे कुठला अर्थ हवा ते आजूबाजूच्या ओळींतच लिहिलेलं असतं. पोरीला शब्दच माहीत नसेल तर अडेल, हे मान्य. पण माझ्याकडे शिकायला येणारी मुलं शब्दांपायी फार मार्क गमावत नाहीत. ती गमावतात वाक्य नीट न वाचल्यामुळे.

आधी परीक्षेचा आकार समजून घे. रीडिंग-रायटिंग विभागात 27 प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकाला 32 मिनिटं. प्रश्नामागे साधारण 71 सेकंद. उतारे छोटे, 25 ते 150 शब्दांचे, आणि एका उताऱ्यावर एकच प्रश्न. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं. सोपा आला तर वरचे मार्क हातचे गेलेच. म्हणून पहिल्या भागात घाई नको, हे तिला आजच सांग. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आता मुद्द्याचं. समज, असा उतारा आहे: एका तळ्यातले मासे कमी झाले. अभ्यासकांना वाटलं, पाणी तापल्यामुळे असेल. पण शेजारचं तळं तेवढंच तापलं होतं आणि तिथले मासे होते तेवढेच राहिले. यावरून काय म्हणता येईल? एक पर्याय सांगतो, 'पाण्याचं तापमान वाढल्याने माशांना धोका निर्माण होतो.' दुसरा सांगतो, 'पहिल्या तळ्यातली घट नुसत्या तापमानावरून समजत नाही.' हुशार, वर्तमानपत्र वाचणारी मुलं हमखास पहिल्यावर बोट ठेवतात. वाक्य जगात खरं आहे, त्यांनी ते शाळेत ऐकलंय. पण उताऱ्याने ते म्हटलेलं नाही, उलट त्यावर शंका घेतली आहे. जिला जास्त माहीत आहे तीच इथे जास्त फसते, आणि मग घरचे म्हणतात, 'हिचं इंग्रजी कच्चं.' मला याचं फार वाईट वाटतं. पोरगी कच्ची नसते. उताऱ्यात आहे तेवढंच घ्यायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही सवय तिला कुणी लावलेली नसते.

ती सवय लावायची माझी एकच रीत आहे. पर्याय हाताने झाकायचे. उतारा वाचून झाल्यावर तो काय म्हणाला ते एका वाक्यात, तोंडाने सांगायचं. मराठीत सांगितलं तरी चालेल. मी तर मराठी घरातल्या मुलांना मुद्दाम मराठीतच सांगायला लावतो, कारण मग उताऱ्यातले शब्द उचलून वेळ मारून नेता येत नाही. सुरुवातीला मुलं वैतागतात. 'ते माशांबद्दल आहे,' असं म्हणतात. मी विचारतो, 'माशांबद्दल काय?' मग 'मासे कमी झाले.' 'बरं, आणि?' असं करत करत 'पण' या शब्दाशी येऊन पोचतात, आणि सगळा उतारा त्या 'पण'वर उभा आहे हे त्यांचं त्यांनाच दिसतं. त्यानंतर पर्याय उघडले की चारातले दोन-तीन आपोआप गळतात. कशात 'नेहमी', 'केवळ', 'सिद्ध झाले' असा उताऱ्याला न पेलणारा शब्द असतो. कशात पहिला अर्धा भाग बरोबर आणि शेपूट चूक असतं.

व्याकरणाचं मात्र मी तुला आनंदाने सांगतो, कारण तिथे तुझी लेक इथल्या मुलांच्या पुढे जाऊ शकते. इथे वाढलेली मुलं कानावर जातात. 'असं ऐकायला बरं वाटतं,' हे त्यांचं कारण. बोलताना कान सगळं माफ करतो, परीक्षा करत नाही. तुझी लेक नियमाने शिकली आहे. शाळेतलं केवल, मिश्र, संयुक्त वाक्य तुला आठवत असेल. विरामचिन्हांचे बहुतेक प्रश्न तेवढ्यावर सुटतात.

एक गोष्ट मात्र तिला दाखव. मराठीत आपण बिनदिक्कत लिहितो, 'पाऊस आला, आम्ही परत फिरलो.' दोन पूर्ण वाक्यं, मध्ये स्वल्पविराम. आपल्याकडे यात कुणाला काही खटकत नाही. इंग्रजीत ही सरळ चूक धरतात, आणि परीक्षेत ती वारंवार विचारतात. तिथे पूर्णविराम हवा, नाहीतर अर्धविराम, नाहीतर स्वल्पविरामापुढे 'अँड' किंवा 'सो'. 'हाउएव्हर' हा शब्द हे काम करत नाही, तो नुसत्या स्वल्पविरामाने दोन वाक्यं जोडू शकत नाही. यातच एक उपयोगाची खूण आहे: दोन पर्याय अक्षर न अक्षर सारखे असून फरक फक्त पूर्णविराम आणि अर्धविरामाचा असेल, तर दोन्ही खोडायचे. बरोबर उत्तर एकच असतं आणि दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये ही चिन्हं सारखंच काम करतात.

तसंच दुसरं. 'स्टेशनकडे चालत जाताना पावसाने मला भिजवलं' हे मराठीत खपून जातं. इंग्रजीत 'वॉकिंग टू द स्टेशन' अशी सुरुवात केली की स्वल्पविरामानंतर लगेच चालणारा माणूस यायला हवा, नाहीतर पाऊसच स्टेशनकडे निघाला असा अर्थ होतो. आणि कर्ता-क्रियापदात मुलं अडकतात ती मधल्या लांबलचक शब्दसमूहामुळे. 'द कलेक्शन ऑफ लेटर्स फ्रॉम द टू सिस्टर्स' यापुढे 'इज' की 'आर'? कानाला शेवटचा 'सिस्टर्स' ऐकू येतो आणि मुलं 'आर' लिहून मोकळी होतात. 'ऑफ'पासून पुढचं सगळं मनातल्या मनात कंसात टाकायला शिकव. उरतं 'द कलेक्शन', उत्तर समोर.

हे व्याकरणाचे प्रश्न प्रत्येक भागाच्या उत्तरार्धात एकत्र येतात आणि लवकर सुटतात. भागाच्या आत मागे-पुढे जाता येतं, म्हणून काही मुलं ते आधी उरकून मग उताऱ्यांकडे वळतात. माझ्या मते दोन्ही क्रम एकेकदा करून बघावे आणि तिला शांत वाटेल तो ठेवावा. यात मोठ्यांनी पडू नये.

क्लास लावावा का, असंही विचारलंस. लाखभर रुपये ओतायच्या आधी हे बघ: ब्लूबुक नावाच्या अॅपवर परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्याच पूर्ण सराव परीक्षा आहेत, फुकट. खान अॅकॅडमी या शिकवणीच्या वेबसाइटवरचा सरावही फुकट. पण परीक्षांमागून परीक्षा द्यायच्या नाहीत. एक दिली की आठवडाभर तिचीच चिरफाड. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशी वहीत दोन ओळी लिहायच्या: मी हे का निवडलं, आणि उताऱ्यातल्या कुठल्या शब्दाने ते चूक ठरतं. 'सिली मिस्टेक' असं लिहायला माझ्याकडे बंदी आहे. त्या दोन शब्दांखाली खरं कारण दडतं आणि पुढच्या परीक्षेत तीच चूक पुन्हा होते.

आणि वाचन. रोज अर्धा तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. इंग्रजीतला एखादा विज्ञानलेख, कधी जुन्या कथेची पानं, कधी कविता, कारण परीक्षेत या सगळ्यांचे तुकडे येतात. तुझ्याकडे सकाळी मराठी पेपर येतो ना? त्यातला अग्रलेख तिला वाचायला दे आणि चहा पिताना विचार, लेखक काय म्हणतोय आणि कुणाला उत्तर देतोय. तुला पटतंय का, तिला पटतंय का, ते नंतर. आधी तो काय म्हणतोय. हा सरावच आहे, भाषा कुठलीही असो.

आणखी एक, अर्ज कुठे करायचेत ती यादी आधी करा. एमआयटीने 2022 मध्ये ही किंवा हिच्यासारखी एसीटी ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली, मग ब्राउन, हार्वर्ड या विद्यापीठांनीही. कॅलिफोर्नियाची सरकारी यूसी विद्यापीठं मात्र प्रवेशासाठी हे मार्क बघतच नाहीत. तिचं मन तिकडेच असेल तर वर्षभर हा ताण कशाला?

वहिनींना सांग, जेवताना मार्कांचा विषय काढू नका. 590 म्हणजे ती नव्हे. चार महिने या रीतीने काम झालं तर हा आकडा हलतो, हे मी इथे कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

रविवारी माझी सकाळ ती तुमची संध्याकाळ. तिला व्हिडिओ कॉलवर बसव, आपण एकेक उतारा घेऊ. त्याआधी तिच्या चुकांच्या वहीची पहिली दोन पानं फोटो काढून पाठव. मार्क पाठवू नकोस, पानं पाठव.

तुझाच