सांधा मातीच्या वर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड लावलं. हे दुसरं. पहिलं गेलं, आणि ते मी तुम्हाला फोनवर कधी सांगितलंच नाही. बाबा, तुम्ही दर वेळी विचारायचात, "फुटवा धरला का?" आणि मी "अजून थंडी आहे" म्हणून वेळ मारून न्यायचे. खरं तर मागच्या उन्हाळ्यातच ते वाळलं होतं. तुम्ही खड्डा कसा घ्यायचा ते एवढ्या मायेने समजावलं होतंत, म्हणून सांगायला जीभ रेटली नाही. आज सगळं लिहिते.

वाळलेलं झाड काढायला गेलो तेव्हा कारण कळलं. ह्यांनी बुंधा धरून हलवला तर ते सैल खुंटीसारखं डुललं आणि अलगद वर आलं. मुळं अजून कुंडीच्याच आकारात होती, एकमेकांभोवती गोल गोल गुंडाळलेली. बाहेरच्या मातीत एकही शिरलं नव्हतं. बुंध्याचा वीतभर भाग मातीखाली गेला होता, त्याची साल काळी पडून बोटानेसुद्धा सुटत होती. खड्ड्याच्या तळातून कुजका वास येत होता. मी तिथेच मातीत बसून राहिले. लावतानाच मुळं मोकळी केली असती, एवढंच डोक्यात येत होतं.

तुम्ही सांगितलं तसा मी दोन फूट खोल खड्डा घेतला होता आणि तळाला भरपूर खत घातलं होतं. आपल्या मुरमाड जमिनीत जास्तीचं पाणी खाली निघून जातं. इथे चिकणमाती. पाणी जायला वाट नाही, त्यामुळे खड्ड्याचा हौद झाला. तळातलं खत कुजून बसत गेलं तसं झाडही खचलं आणि कलमाचा सांधा, म्हणजे खालचा मुळांचा भाग आणि वरचं झाड जिथे जोडलेलं असतं ती जागा, मातीत गाडला गेला. बाबा, तुमची रीत चुकीची नव्हती. ती त्या जमिनीची रीत होती, आणि मी इथली जमीन न पाहता ती उचलली. हे तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

या वेळी आधी जमिनीची परीक्षा घेतली. जुन्या जागेजवळ फूटभर खड्डा करून संध्याकाळी पाण्याने भरला. सकाळी पाहिलं तर चार बोटं पाणी तसंच साचलेलं. ती जागा सोडली. कुंपणाकडे जमीन जरा उंच आहे, तिथे तेवढंच पाणी काही तासांत जिरलं. ऊनही तिथे जास्त वेळ असतं. घराची भिंत बारा-तेरा फुटांवर राहते.

रोप कुंडीतलं नाही घेतलं. इथे हिवाळ्यात झाडं पानं गाळून झोपलेली असताना उघड्या मुळांची रोपं मिळतात, मातीचा गड्डा नसलेली. मुळं डोळ्यांनी पाहून घेता येतात म्हणून मला हीच बरी वाटली. घरी आणेपर्यंत ओल्या गोणपाटात गुंडाळली होती, मग लावण्याआधी दोनेक तास बादलीत ठेवली. वारा लागून मुळं सुकली की संपलं.

बाबा, खुंटाबद्दल, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांच्या भागाबद्दल, तुम्हाला सांगायलाच हवं. सफरचंद बीपासून लावलं तर आईझाडासारखं येत नाही, म्हणून कलमच लागतं. आणि झाड किती वाढणार हे बरंचसं खालचा खुंट ठरवतो! इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातून निघालेले खुंट जगभर वापरतात. आमच्या झाडाचा एमएम १०६ आहे, म्हणजे मध्यम उंचीचं, शिडीवर चढून हाताला येईल असं. एम ९ आणखी ठेंगणा, पण त्याला जन्मभर आधाराची काठी लागते. सांधा मातीखाली गेला तर वरच्या भागालाच मुळं फुटतात आणि खुंटाने घातलेला आवर सुटतो. पहिल्या झाडाचा सांधा गाडला गेला तेव्हा हे मला ठाऊकच नव्हतं.

या वेळी खड्डा तीन फूट रुंद आणि मुळं मावतील एवढाच खोल घेतला. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात, म्हणून खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. फावड्याने खड्ड्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, त्या खुरप्याने खरवडून घेतल्या, नाहीतर कोवळी मुळं तिथून परत फिरतात. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून उंची पाहिली. बुंधा जिथे रुंदावतो आणि पहिलं मूळ सुटतं, ती जागा बरोबर काठीच्या पातळीला आणली. छोटीने दोन्ही हातांनी रोप सरळ धरलं होतं. "आई, मी हलत नाहीये," असं सारखं म्हणत होती. मी मुळं बोटांनी पसरत होते, हे हळूहळू माती सोडत होते. माती तीच, खत मिसळलं नाही. दोन झाऱ्या पाणी घातलं की माती आपोआप बसली, पायाने दाबली नाही.

वर लाकडाच्या भुश्याचं तीन इंच आच्छादन घातलंय, पण बुंध्यापासून वीतभर दूर. काठीला सैल बांधलंय, जरा हलू दिलं की खोड जाड होतं म्हणतात. शेजारी दुसऱ्या जातीचं सफरचंद आहे, दोघांचा बहर एकाच वेळी आला तर मधमाश्या परागीकरण करतील. यंदा फुलं आलीच तर खुडून टाकीन, आधी मुळं धरू देत.

आई, पाण्याची काळजी करू नकोस. रोज शिंपडत नाही. माती बोट खुपसून पाहते, कोरडी लागली तरच सावकाश आणि भरपूर घालते.

फांद्यांवरचे डोळे अजून मिटलेलेच आहेत, तपकिरी आणि घट्ट. काल एकावर नख हळूच दाबून पाहिलं, आत हिरवं आहे. बाबा, सांधा मातीपासून चार बोटं वर ठेवलाय. पुढे माती बसेल त्या हिशेबाने एवढा पुरे ना? फोनवर नक्की सांगा.

तुमची लाडकी,
धाकटी