‘हॅड’ची सक्ती कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विद्यार्थी पानावर इंग्रजी भूतकाळांचा तक्ता छापून आला आहे. त्यात ‘मराठी वाक्याच्या शेवटी होतो, होती, होते आले की हॅड लावा’ असा नियम दिला आहे. गाइडांमधून पिढ्यान्पिढ्या फिरणारा हा नियम चुकीचा आहे आणि मुलांच्या निबंधांत नको तिथे जे ‘हॅड’ दिसतात, त्यातले बरेचसे त्याच्याच कृपेने येतात.

‘मी घरी होतो’ म्हणजे आय वॉज ॲट होम. ‘मी जात होतो’ म्हणजे आय वॉज गोइंग. या दोन्हींत हॅडचा संबंध नाही, हे मुलांना चटकन पटते. घोटाळा होतो तो ‘मी काल दवाखान्यात गेलो होतो’ या वाक्यात. मुले बेधडक ‘आय हॅड गॉन टू द क्लिनिक यस्टरडे’ लिहितात. पाहिजे फक्त ‘आय वेंट टू द क्लिनिक यस्टरडे’. मराठीत एखादी गोष्ट होऊन गेली, आता ती मागे पडली, एवढे सांगायलाही आपण ‘गेलो होतो’ म्हणतो. इंग्रजीला हॅडसाठी भूतकाळातलाच एक नंतरचा क्षण लागतो, ज्याच्याही आधी ही गोष्ट घडलेली असते. तो क्षण वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात सापडत नसेल, तर हॅड खोडावे आणि व्ही टू, म्हणजे क्रियापदाचे दुसरे रूप, लिहावे.

काळाची निवड नुसती शोभेची नसते, हे एकाच वाक्यावर दाखवता येते. ‘व्हेन ही केम, आय लेफ्ट’: तो आला आणि मग मी निघालो. ‘व्हेन ही केम, आय वॉज लीव्हिंग’: तो आला तेव्हा मी निघण्याच्या बेतात होतो, बहुधा दारातच गाठ पडली. ‘व्हेन ही केम, आय हॅड लेफ्ट’: भेट झालीच नाही. फळ्यावर ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहून ‘भेट झाली का?’ एवढेच विचारले, तर तक्त्याच्या बारा चौकटींपेक्षा जास्त काम होते. बिफोर किंवा आफ्टर असेल तर क्रम त्या शब्दानेच कळतो. म्हणून ‘आफ्टर ही फिनिश्ट द वर्क, ही वेंट होम’ हे हॅडशिवायही बरोबर आहे. तिथे मुलांचे गुण कापू नयेत.

दुसरी चूक हॅव-हॅजची. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत चालते, ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ मात्र इंग्रजीत चालत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन १९४७ असा संपलेला काळ नेमका सांगितला की साधा भूतकाळच येतो. ‘इंडिया बिकेम इंडिपेंडंट इन १९४७’ इथे हॅज बिकम करता येणार नाही. ‘व्हेन’ने विचारलेला प्रश्नही त्याच जातीचा: ‘व्हेन हॅव यू कम?’ नव्हे, ‘व्हेन डिड यू कम?’

नकार आणि प्रश्नात भूतकाळाची खूण एकदाच येते आणि ती डिड उचलतो. क्रियापद मूळ रूपात परत जाते: डिडन्ट गो, डिड यू सी. ‘डिडन्ट वेंट’मध्ये खूण दोनदा पडते. वॉज आणि वेअर यांना डिडची गरज नाही. आणि एक बारकावा सहसा कोणी शिकवत नाही: ‘हू’ स्वतःच कर्ता असेल तर प्रश्नातही डिड येत नाही. काच कोणी फोडली, हू ब्रोक द ग्लास?

उच्चाराबद्दल तक्त्यात अक्षरही नाही, ही मोठी उणीव आहे. शेवटी लागणाऱ्या ईडीचे उच्चार तीन. मूळ क्रियापद ट किंवा ड या ध्वनीने संपत असेल तरच ‘इड’: वाँटिड, नीडिड. प, क, फ, स, श, च नंतर ‘ट’: स्टॉप्ट, वर्क्ट, वॉश्ट, वॉच्ट. बाकी जवळपास सगळीकडे ‘ड’: प्लेड, ओपन्ड. ‘वॉचेड’, ‘आस्केड’ हे उच्चार स्पेलिंग पाहून केलेले आहेत. ‘आय वॉक्ट टू द गेट’ म्हणताना वॉक्टचा ट पुढच्या टूमध्ये विरून जातो. तो कानाला ऐकू येत नाही, म्हणून वहीतही ईडी गळते. असा विद्यार्थी नियम विसरलेला नसतो, त्याला श्रुतलेखनाचा सराव हवा असतो.

ईडी लावताना स्पेलिंगमध्ये स्टॉपचा पी दोनदा येतो, व्हिजिटचा टी एकदाच, कारण व्हिजिटमध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर, आहे. प्रिफरमध्ये तो शेवटी आहे, म्हणून आर दोनदा. ट्रॅव्हल्डमध्ये ब्रिटिश दोन एल लिहितात, अमेरिकन एक. दोन्ही बरोबर, पण एका लेखात एकच पद्धत ठेवावी.

‘आय यूज्ड टू गेट अप ॲट सिक्स’ याचा अर्थ पूर्वी उठायचो, आता नाही. आजची सवय सांगायला हे वाक्य सर्रास वापरले जाते आणि ऐकणाऱ्याला उलटाच अर्थ कळतो. आजच्या सवयीला ‘आय गेट अप ॲट सिक्स’ पुरते.

अनियमित क्रियापदे ए टू झेड पाठ करून घेणे थांबवावे. चालीने गट केले की ती लवकर बसतात: सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक. कट, पुट, हिट, शट तिन्ही रूपांत तसेच राहतात. रीडचे स्पेलिंग बदलत नाही, उच्चार मात्र रेड होतो. लाय आणि ले यांना स्वतंत्र तासिका द्यावी. आडवे होणे: लाय, ले, लेन. ठेवणे: ले, लेड, लेड. खोटे बोलणे: लाय, लाइड, लाइड. पहिल्याचे दुसरे रूप म्हणजेच दुसऱ्याचे पहिले, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथे अडखळतात.

तक्ता पुन्हा छापणार असाल तर ‘होतो म्हणजे हॅड’ ही ओळ तेवढी काढावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक