गिटारचं डोकं शेवटी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठवाड्यातल्या जुन्या ऑर्केस्ट्रांवर लेख आला होता. त्यातला लाल गिटारचा फोटो आमच्या दुकानात येईल त्यानं हातात घेऊन पाहिला. लेख झकास आहे, तक्रार फक्त फोटोखालच्या ओळीबद्दल. ‘केंट या अमेरिकन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार’ असं तिथं छापलंय. केंट हे न्यूयॉर्कच्या ब्यूगलआयझन अँड जेकबसन या घाऊक व्यापाऱ्यांनी मालावर लावलेलं नाव. साठच्या दशकात त्यातला बराचसा माल जपानातून यायचा, आणि तोही एका कारखान्यातून नव्हे. तेव्हा नाव वाचून गिटार कुणी घडवली ते कळत नाही, उलट चकवाच बसतो.

जालन्याकडच्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको. बियाण्याचा प्लॉट कुणाच्या रानात पिकतो आणि पिशवीवर कुणाचं नाव येतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

मी परभणीत पेटी, कीबोर्ड, अँप्लिफायर दुरुस्त करतो. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, त्यामुळं गिटारवालेही माझ्याकडंच येतात. परदेशी वाद्यं आयात करणं सोपं नव्हतं त्या काळात जपानी गिटारी मुंबई नाहीतर हैदराबादमार्गे आपल्याकडं पोचल्या. गणपतीच्या मांडवांत वाजल्या, मग माळ्यावर गेल्या. आता नातवंडं त्या खाली काढतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘काका, कोणत्या कंपनीची?’

माझं म्हणणं असं की डोकं, म्हणजे मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, जिथं कंपनीचं नाव असतं, ते शेवटी बघायचं. आधी पाठ.

माझी स्वतःचीच गिटार घ्या. हैदराबादेतल्या एका वादकाकडून घेतलेली, मीटरगेजच्या गाडीनं परभणीला आलेली. डोक्यावर नाव नाही. नावाची पट्टी होती तिथं दोन बारीक खिळ्यांची भोकं आणि मधे लाकडाचा उजळ राहिलेला आडवा पट्टा. (त्या पट्ट्याची लांबी मोजून छातीठोकपणे नाव सांगणारे बहाद्दर मला भेटलेत.) पाठीमागं, मान जिथं बॉडीला जोडलेली असते तिथं, चार स्क्रूंची चौकोनी पाटी असते. माझ्या गिटारच्या पाटीवर घामाची आणि मांडवातल्या धुळीची पुटं चढली होती. रॉकेलच्या बोळ्यानं पुसली तेव्हा इंग्रजी अक्षरं वर आली: ‘स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक’, खाली ‘मेड इन जपान’.

या धाटणीची पाटी मात्सुमोकूच्या गिटारांवर हमखास दिसते. मात्सुमोकू हा जपानच्या नागानो प्रांतात, मात्सुमोतो गावचा कारखाना. मूळचा लाकूडकामाचा, सिंगर शिलाई मशीनची कपाटं तिथं व्हायची. हे सांगितल्यापासून आमच्या शेजारचा टेलर माझ्या गिटारकडं जरा मानानं बघतो. आरिया, युनिव्हॉक्स, वेस्टोन, सत्तरच्या दशकात एपिफोनसुद्धा, अशी कितीतरी नावं या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गिटारांवर होती. १९८७ साली तो बंद पडला. ‘मात्सुमोकू’ हे नाव मात्र त्या गिटारांच्या डोक्यावर शोधून सापडायचं नाही.

तरी नुसत्या पाटीवर शिक्कामोर्तब करू नये. पाट्या, खुंट्या, स्विच हा माल कारखाने बाहेरून विकत घ्यायचे आणि एकाच पुरवठादाराचा माल दोन-चार ठिकाणी जायचा. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. घोडीचा (तारा बॉडीवर जिच्यावर टेकतात तिचा) साचा, पिकअपचं (तारांचा आवाज विजेत उचलणाऱ्या भागाचं) कव्हर, मान ज्या खोबणीत बसते तिची कापणी, हे सगळं मी ओळख पक्की असलेल्या दुसऱ्या गिटारशी ताडून पाहिलं. तेव्हा कुठं मात्सुमोकू म्हणायला लागलो.

तेइस्कोचा घोळ आणखी न्यारा. ही कंपनी १९४६ साली टोकियोत निघाली. १९६५ मध्ये व्हेंचर्स या अमेरिकन बँडचा जपानात दौरा झाला आणि तिथल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलं. मागणी बघून जो तो कारखानदार गिटारीत उतरला, आणि दशक संपायच्या आत बाजार बसला. १९६७ साली हमामात्सूच्या कावाईनं, म्हणजे पियानोवाल्यांनी, तेइस्को विकत घेतली. नाव पुढंही चालूच राहिलं. त्यामुळं डोक्यावर ठसठशीत ‘तेइस्को’ असलं तरी ती गिटार जुन्या मालकाच्या काळातली की कावाईच्या, हे आतलं सामान बघूनच ठरतं. आपल्या फोटोतल्या गिटारवर पिकअपजवळ ओळीनं बटणं दिसतात आणि रेघांचा चकचकीत पत्रा आहे. तसा पत्रा तेइस्कोवाल्यांच्या आवडीचा. माझा कल तिकडं आहे, पण नुसता कल. फोटोवरून याहून जास्त बोलणं म्हणजे हात न बघता भविष्य सांगणं.

गिटारवर छापलेल्या सिरियल नंबरवर लोक फार विसंबतात. साठच्या दशकातल्या बऱ्याच जपानी गिटारांना नंबरच नाही, आणि असला तरी त्यातून साल निघेलच असं नाही. आयबानेझचं तेवढं सरळ आहे: १९७५ च्या अखेरीपासून पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे सालाचे. ‘एच’ आणि पुढं ७६ असेल तर ऑगस्ट १९७६. पण आयबानेझ हेसुद्धा नागोयाच्या होशिनो या व्यापारी घराण्याचं नाव. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी बनल्या त्या मात्सुमोतोच्याच फुजीगेन कारखान्यात.

हल्ली मोबाईलवर बघून पोरं व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवरचा आकडा वाचतात. अमेरिकन पॉटवर पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे आणि त्यापुढं साल नि आठवडा असतो, हे बरोबर आहे. जपानी पॉटला तोच हिशेब लावला की भलतंच साल निघतं, आणि मग तेच साल सांगून गिटारची किंमत चढवली जाते.

हे पत्र लिहायचं खरं कारण पुढंच आहे. सेलूच्या माझ्या एका मित्राकडं अशीच एक बेनामी गिटार होती. पिकअपच्या झाकणाखाली सोनेरी पत्रा चमकायचा, ज्याला आता गोल्ड फॉइल म्हणतात. अमेरिकेचे गिटारवादक राय कूडर यांनी तेइस्कोची तसली पिकअप मुद्दाम आपल्या गिटारमध्ये बसवून घेतली, तेव्हापासून तिचा भाव वधारला. मित्राच्या गिटारचा आवाज मधेच जायचा म्हणून त्यानं ती एका मोठ्या शहरातल्या दुकानात दिली. परत आली ती नवरीसारखी. नवी पिकअप, नवे पॉट, पाठीवर कोरी करकरीत पाटी, वरून रंगाचा हात. जुनं सामान मागितलं तर उत्तर मिळालं, ‘ते भंगारात गेलं.’ रंगाच्या हातात मानेच्या खोबणीतला पेन्सिलचा आकडासुद्धा बुजला. ती गिटार आता वाजते उत्तम, पण कोणत्या कारखान्यात जन्मली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि एवढं सगळं कशासाठी? मधेच आवाज जाणाऱ्या जुन्या गिटारमध्ये बहुतेक वेळा स्विचच्या पत्त्यांवर काळा थर चढलेला असतो, नाहीतर जॅकचा (वायर खोचतात त्या भोकाचा) सोल्डरचा डाग सुटलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, स्विच दहा-वीसदा पुढंमागं, आणि डाग पुन्हा द्यायचा. शंभरातला खर्च. पॉट खरंच मेला असेल तर बदलावा, त्याला माझी ना नाही. पण काढलेला पॉट पिशवीत घालून गिटारसोबत गिऱ्हाइकाला द्यावा. मोटारसायकलचा मेकॅनिकही जुना पार्ट समोर ठेवतो. वाद्यवाल्यांनी एवढं का करू नये?

फोटोतल्या गिटारच्या मालकांना आपल्यामार्फत निरोप द्यावा, ही विनंती. आधी तारा सैल करा, मग पाठीमागचे चार स्क्रू खोला. स्क्रू हलत नसतील तर जोर लावू नका, डोकी झिजतील. सोल्डरिंग गनचं टोक मिनिटभर स्क्रूवर टेकवा, गरम झाला की सुटतो. पाटी, मानेचं आतलं टोक, खोबण आणि पिकअपची पाठ यांचे फोटो काढून आपल्याकडं पाठवा, आणि जमलं तर पुढच्या पुरवणीत छापा. परभणी, नांदेड, लातूरकडं अजून कुणाच्या घरी तशीच गिटार असेल तर ताडून बघता येईल. तोवर फोटोखालच्या ओळीतलं ‘अमेरिकन कंपनीची’ एवढं दुरुस्त करून ‘केंट नावाची’ करावं. आणि मालकांना म्हणावं, तिला नवा रंग मारू नका.

आपला,
एक वाचक, परभणी