टोलमाफी हवी, कचरा शुल्क नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईकराला पर्यावरणाचे सोयरसुतक नाही, असे प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी म्हणतेच. मला ते पटत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेच्या जंगलात रातोरात झाडे तोडली गेली, तेव्हा अडवायला गेलेल्या तरुणांना पोलिसांनी पकडून नेले. तोड थांबवायला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. दोनच आठवड्यांनी, २१ तारखेला, विधानसभेचे मतदान होते. भाजप कारशेडच्या बाजूचा, शिवसेना विरोधातली, आणि लढले दोघे युती करून. आरेसाठी जीव तुटणाऱ्या मतदाराने कोणते बटण दाबायचे होते?

म्हणून मतदाराच्या मनात काय आहे हे केवळ निकालावरून कळत नाही. पक्ष त्याला कसा ओळखतात, ते त्यांच्या घोषणांवरून कळते. १४ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी विधानसभेचा कार्यक्रम जाहीर झाला. मी मुलुंडला राहतो. त्या आठवड्यात इथे आनंदीआनंद होता, आणि हवा बिघडली म्हणून एरवी हळहळणारेही त्यात होते. सात महिन्यांनी बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. गाडीवाल्याला सूट आणि बसप्रवाशाला दुप्पट भाडे, हा उलटा न्याय आहे. त्यावर एकाही पक्षाला मते जाण्याची धास्ती वाटली नाही.

कचऱ्याचेही तेच. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये वापरकर्ता शुल्काची तरतूद होती. महापालिकेने एप्रिल २०२५ मध्ये त्याचा मसुदा काढला. लहान घरांना महिना १०० रुपये, मोठ्यांना जास्त. निवडणूक तोंडावर होती, विरोध लगेच उसळला. ‘७४ हजार कोटींचा अर्थसंकल्प असलेल्या पालिकेला आणखी पैसे कशाला?’ हा सवाल रास्त आहे आणि त्याचे उत्तर पालिकेने द्यायलाच हवे. पण ‘ओला-सुका वेगळा करणाऱ्याला शुल्क माफ, झोपडपट्टीला माफ, बाकीच्यांकडून घ्या आणि हिशेब दाखवा’ अशी मागणी कुणी ठामपणे लावून धरल्याचे मला दिसले नाही.

मुलुंडचे डम्पिंग २०१८ मध्ये बंद झाले, त्यासाठी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला होता. मात्र कचरा कमी झाला नाही, तो कांजूरला जातो आणि दुर्गंधी आता विक्रोळी-कांजूरच्या घरांत शिरते. गोवंडीकर तर देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी दशके काढत आहेत. आमच्याइतका कचरा ते करतही नसतील. ‘आमच्या दारात नको’ एवढेच मागितले की नगरसेवक डम्परचा रस्ता बदलून मोकळा होतो, आणि त्याला मतही मिळते.

जानेवारी २०२६ मध्ये पालिकेची निवडणूक झाली. प्रशासकाच्या जवळपास चार वर्षांनंतर आपल्याला नगरसेवक मिळाले, आणि मतदान केले निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांनी. पालिकेचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ चा आहे, २०५० पर्यंत नेट झिरोचा, म्हणजे शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचा. माझ्या दारी आलेल्या एकाही उमेदवाराने त्याचे नाव काढले नाही, आणि खरे तर कुणी त्यांना विचारलेही नाही.

आपल्याला विनंती अशी की प्रभागवार माहिती मागवून छापावी: कुठे किती कचरा वेगळा होतो, बेस्टचे कोणते मार्ग बंद झाले, कोणत्या सोसायट्या ओल्या कचऱ्याचे खत करतात. नगरसेवकाचे नाव शेजारी असू द्या. मी माझ्या नगरसेवकांना लेखी कळवले आहे की शुल्क भरायला माझी तयारी आहे. कांजूरला जाणारा कचरा दरवर्षी किती घटला, ते मात्र त्यांनी प्रभागाला सांगावे.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)