स्क्रीन आमच्याकडे फिरवणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तेव्हा "अहो राहू द्या" म्हणत तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. म्हणून हे उघड पत्र, चारचौघांनी वाचावे असे. अमळनेरला जिन्याखालच्या तुमच्या त्या लहानशा दुकानात मे महिन्यात जे झाले, ते अजून मनातून उतरलेले नाही.

माझ्या पुतण्याचे मशीन, म्हणजे गेम खेळायचा कॉम्प्युटर, तुमच्या लक्षात असेलच. 2019 चे. रायझन 5 2600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, आठ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. बजेट 22 हजार. हे पैसे माझ्या पुतण्याने दोन सुट्ट्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नोंदी लिहून जमवलेले. तक्रार एकच, की गेम मधेच अडखळतो, गाडी वळणावर आली की चित्र गोठते.

तुमच्याआधी तीन दुकाने झाली होती, आणि तिथे काय झाले ते सांगितल्याशिवाय तुमची किंमत कळायची नाही. पहिल्याने कॅबिनेटचा स्क्रूसुद्धा न काढता सांगितले, "भंगार झालं हे, 75 हजारांत नवीन घ्या. विंडोज 11 पण चालणार नाही यावर." विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होती हे खरे. पण रायझन 2600 हा विंडोज 11 च्या यादीत आहे. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एफटीपीएम हा सुरक्षेचा पर्याय सुरू करायचा आणि डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीवरून जीपीटी या नव्या मांडणीवर न्यायची, एवढेच काम असते. तारखेचा धाक दाखवून पोराच्या हातून 75 हजार काढायला निघाले होते. दुसऱ्याने आरएक्स 6500 एक्सटी पुढे केले, "नवं कार्ड आहे, वॉरंटी आहे" म्हणून. त्या कार्डाला पीसीआयच्या, म्हणजे बोर्डाशी माल ने-आण करायच्या रस्त्याच्या, चारच लेन आणि मेमरी चार जीबी. कार्ड चौथ्या पिढीच्या पीसीआयचे आणि बी450 बोर्ड तिसऱ्या, म्हणजे कार्डाची मेमरी भरली की पुढचा सगळा माल निम्म्या रुंदीच्या रस्त्याने यायचा. जो अडखळा घालवायचा, तोच पैसे मोजून परत घरी आणायचा. तिसरा म्हणाला, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे) दुप्पट होतील. एसएसडीने गेम लवकर उघडतो, एफपीएस वाढत नाहीत. इतकी साधी गोष्ट दुकान चालवणाऱ्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

तिघांच्याही दुकानात एक गोष्ट सारखी होती. स्क्रीन त्यांच्याकडे, आम्ही काउंटरच्या अलीकडे. ते पाहणार आणि आम्ही ऐकणार.

तुम्ही मशीन जोडले, पोराला म्हणालात, "तुझा गेम लाव." मग कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, आणि दोन्ही हातांनी मॉनिटर उचलून आमच्याकडे फिरवलात. माऊस पोराच्या हातात दिलात. स्वतः काउंटरला वळसा घालून आमच्या बाजूला येऊन उभे राहिलात. "आता तूच सांग, कोण दमलंय?"

भाऊ, त्या मॉनिटर फिरवण्यासाठी हे पत्र आहे. बाकी सगळे नंतरचे.

पोराने वाचले. ग्राफिक्स कार्ड साठ टक्क्यांच्या आसपास. मेमरी 7.9 पैकी 7.6 जीबी भरलेली. डिस्क 100 टक्के. खाली "वापरलेले स्लॉट: 4 पैकी 1", आणि रॅमचा वेग 2133. रॅम काढून तुम्ही त्याच्या तळहातावर ठेवली. स्टिकरवर 3000 छापलेले. सहा वर्षे ती रॅम 2133 वर चालली, कारण मशीन जोडणाऱ्याने बायोसमधला एक्सएमपीचा, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवायचा, एक पर्याय चालू केला नव्हता. त्यात रॅमची एकच काडी, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोनपैकी एकच चॅनेल चालू. रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेगही रॅमच्या वेगाला बांधलेला असतो, त्यामुळे इथे रॅम मंद म्हणजे प्रोसेसरही मंद. हे वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात, दुसऱ्यांदा जास्त सावकाश, कारण पोरगा वहीत लिहून घेत होता.

कार्ड साठ टक्क्यांवर आणि चित्र गोठते, म्हणजे कार्ड वाट पाहते आहे. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर टाकते. फिरत्या डिस्कला इकडचे-तिकडचे तुकडे शोधून आणायला लावले तर ती सेकंदाला शंभरएक वेळा जेमतेम धावते. वळणावर चित्र गोठायचे ते म्हणून. कार्डाचा त्यात काही दोष नव्हता, आणि तीनपैकी एकानेही गेम चालू करून पाहिला नव्हता.

माझा पुतण्या ज्या काट्यावर बसतो तिथे शेतकरी कापसाची गाडी घेऊन येतो तेव्हा आधी काट्याच्या आकड्याकडे बघतो. आकडा दिसेल असा काटा ठेवणारा व्यापारी कोणता आणि पाठ करून ठेवणारा कोणता, हे आपल्या खान्देशात गावोगाव माहीत असते. माणूस दर घासाघीस करून सोडून देतो, पण काटा लपवलेला विसरत नाही. तुम्ही आकडा दाखवलात. तोही अशा पोराला, ज्याला पहिल्या तीन ठिकाणी "मोठ्यांना बोलू दे" म्हणून गप्प केले होते.

त्यानंतरही विकण्याची घाई तुम्ही केली नाही. 16 जीबीचा नवा जोड सहज खपवता आला असता. तुम्ही आठ जीबीची एकच 3200 ची रॅम दिलीत, जुनीच्या जोडीला. वेगवेगळ्या काड्या कधी कधी जुळत नाहीत, मशीन सुरूच होत नाही किंवा चार दिवसांनी निळी स्क्रीन येते, हे आधीच सांगितलेत. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवून, दोन्ही 2933 वर आणून, रात्रभर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टच्या चार फेऱ्या चालवल्यात. एकही चूक निघाली नाही तेव्हाच बिल केलेत. बोर्डाच्या एम डॉट टू स्लॉटमध्ये 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, आणि जुनी हार्ड डिस्क फोटो-पिक्चर ठेवायला तशीच. परत तोच गेम, परत तीच स्क्रीन आमच्याकडे. आता कार्ड 98 टक्क्यांवर. "आता कार्डाचा नंबर," तुम्ही म्हणालात. त्याआधी नाही.

एसएमपीएसचे तर मी कायम लक्षात ठेवीन. कॅबिनेटच्या पोटातून तो डबा काढून तुम्ही आडवा धरलात आणि लेबलवर बोट ठेवलेत. वर मोठ्या अक्षरात 450. खाली बारीक अक्षरात 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. बिलाच्या मागे पोराकडूनच गुणाकार करून घेतलात, 12 गुणिले 16, 192 वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही 12 व्होल्टवरच जगतात, 3.3 आणि 5 व्होल्टचे आकडे मिळवून 450 केलेले. जीटीएक्स 1660 सुपर एकटे 125 वॅट ओढते, 2600 जोर लावला की 88 च्या आसपास जातो, वर बोर्ड, डिस्क, पंखे. अडीचशेच्या घरात. आधीच्या एका ठिकाणी मोलेक्सवरून, म्हणजे डिस्कसाठीच्या जुन्या चार पिनांच्या वायरीवरून, कार्डासाठी आठ पिनचा कन्व्हर्टर लावून देतो म्हणाले होते. आठ पिनचा कनेक्टर 150 वॅटसाठी असतो, तो भार त्या बारीक वायरींवर टाकला तर प्लॅस्टिक वितळते. "पैसा काय झाडले लागतस का?" असे म्हणत तुम्ही तो कन्व्हर्टर नाकारलात. 12 व्होल्टवर 45 अँपिअर देणारा 550 वॅटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस लावलात.

1660 सुपर तुम्ही वापरलेलेच शोधलेत, कारण मॉनिटर 1080पी आणि 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रेच दाखवणारा. त्यापुढे नव्या कार्डाचे पैसे दिसणारच नव्हते. सहा जीबी मेमरी, आणि लेन पुऱ्या सोळा. पैसे देण्याआधी वीस मिनिटे कार्डाला पूर्ण ताण देणारे फरमार्क लावून कान पंख्याजवळ नेलात, बेअरिंगची घरघर ऐकायला. क्रिप्टो मायनिंगमधून आलेल्या कार्डाचा पंखा आधी बोलतो, हेही तेव्हाच कळले.

आपल्याकडे मेमध्ये पारा 44-45 ला जातो आणि कापसाचा तूस कुठेही शिरतो. कूलरच्या पात्यांमध्ये तुसाची चक्क गादी झाली होती. ब्लोअर मारताना पंख्यात आइस्क्रीमची काडी अडकवलीत, हवेने पंखा गरागरा फिरून बोर्डाकडे उलटा करंट जाऊ नये म्हणून. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटे गरम केलेत, मग डावी-उजवी मुरड देऊन उचललात. या बोर्डाच्या एएम4 प्रकारच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेल्या पेस्टला चिकटून तो सॉकेटमधून उपटून आला की पिना वाकतात आणि माणूस रडतो. तुमच्या हातून असे झाले नाही, कारण तुम्हाला घाई नव्हती. खोलीत 41 असताना 89 पर्यंत जाणारा प्रोसेसर 74 वर थांबला. जाता जाता बोर्डावरची, बायोसची सेटिंग जपणारी सीआर2032 बॅटरी बदललीत, नाहीतर ती मेली की एक्सएमपी परत बंद आणि रॅम परत 2133 वर. तिचे पैसे बिलात लावले नाहीत, ते मी घरी येऊन पाहिले.

शेवटी यूपीएस. स्वस्तातल्या यूपीएसचा पायऱ्या-पायऱ्यांचा करंट नव्या एसएमपीएसला कधी कधी मानवत नाही, लाइट गेली की दोघेही झोपतात. तुम्ही गेम चालू ठेवून तीनदा लाइट घालवून पाहिलीत. प्लग उपटून नव्हे, भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करून, म्हणजे अर्थिंग तुटत नाही. तीनही वेळा मशीन चालूच राहिले. पोरगा हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

22 हजारांतले थोडे उरले, ते तुम्ही त्यालाच जपून ठेवायला सांगितलेत. बिलाच्या मागे 192 च्या खाली तुमच्या अक्षरात आहे, "रायझन 5 5600, याच बोर्डावर. आत्ता नको." ते बिल त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे.

दिवाळीनंतर त्याच कामाला, म्हणजे तो नवा प्रोसेसर बसवायला, येऊ. आधी बायोस अपडेट लागेल, आणि मधेच लाइट गेली तर बोर्ड जाईल, म्हणून आमचा यूपीएस सोबत आणतो.

आपला,
त्या पोराचा काका