आधी टेबलं, मग दिवे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

रेस्टॉरंटचा नकाशा पाहिला. मांडणी झकास आहे, पण छतभर डाउनलाइटच्या ज्या रांगा आखल्या आहेत त्या आधी खोड. सगळीकडे सारखाच उजेड पडला की कुठलंच टेबल आपलं वाटत नाही. शिवाय डोक्यावरून सरळ येणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली सावल्या पडतात. छान झोप झालेला माणूसही आजारी दिसतो.

अमेरिकन प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली याने १९५२ मध्ये उजेडाचे तीन प्रकार सांगितले होते: सभोवार पसरलेला, एका जागी एकवटलेला आणि चमचमणारा. १९५९ सालच्या न्यूयॉर्कमधल्या फोर सीझन्स रेस्टॉरंटची प्रकाशयोजना त्याचीच. तुझ्या नकाशात फक्त पहिला प्रकार आहे!

म्हणून आधी टेबलांच्या जागा पक्क्या कर. उजेड टेबलाच्या मधोमध पडू दे. टेबल फिकट रंगाचं असेल तर तोच उजेड परतून चेहऱ्यांवर मऊ येतो. लटकते दिवे करून घेणारच आहेस, तर शेडची खालची कड टेबलापासून साधारण ७५ ते ९० सेंटिमीटरवर ठेव. फार वर गेली तर बल्ब डोळ्यांत येतो, फार खाली आली तर समोरच्याचा चेहरा झाकला जातो. आणि कारागिराला शेडच्या आतला रंग सांगितलास का? बाहेरच्या घाटावर सगळे तासभर बोलतात, आतलं कुणी विचारत नाही. आतून सोनेरी असली तर तोच बल्ब जास्त उबदार वाटतो. एक नमुना करून घे, टेबलावर टांग आणि अंधार पडल्यावर खुर्चीत बसून बघ. उभ्याने पाहून पसंत करू नकोस.

बल्ब २७०० केल्विनचे घे; हा आकडा उजेडाच्या रंगाचा, जितका कमी तितका उजेड उबदार. ४००० म्हणजे ऑफिस. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर हवा, पण तेवढ्यावर थांबू नकोस, आर-नऊचा आकडाही विचार. गडद लाल रंग किती खरा दिसतो ते त्यावरून कळतं, आणि सीआरआयच्या सरासरीत तो धरलेलाच नसतो. तो कमी असला की ताटातला लाल रंग मळकट दिसतो, माणसांची कांतीही निस्तेज. उघड्या तारेचे ते शोभेचे बल्ब मात्र मला अजिबात आवडत नाहीत. डोळ्यांत खुपतात नुसते.

डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, हवाच. दुपारचा उजेड रात्री तसाच ठेवला तर सगळा खर्च वाया. पण डिमर आणि एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा भाग) एकमेकांना जुळतात का ते आधी तपासून घे, नाहीतर कमी करताना दिवे लुकलुकतात. शिवाय जुना बल्ब मंद केला की तांबूस व्हायचा. साधा एलईडी नुसताच फिका पडतो. जमलं तर डिम-टू-वॉर्म प्रकारचे, म्हणजे मंद केले की उबदार होत जाणारे, घे.

टेबलं, भिंती, काउंटर, तिन्हींची सर्किटं वेगळी ठेव. साफसफाईसाठी लख्ख उजेडाचं एक निराळं. छत बंद करण्याआधी वायरिंगचा नकाशा मला पाठव, एका बैठकीत बघून टाकू.

तुझा मित्र