पत्ती तोलून झाल्यावर येणाऱ्या त्या फोनबद्दल

आदरणीय सिस्टर,

आपले नाव जाहीरपणे लिहायला मी आपल्याला विचारलेले नाही, म्हणून नुसते सिस्टर म्हणते. पुण्यात बांधकामाच्या परांचीवरून पडलेला, दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेला, उत्तर बंगालमधल्या डुआर्सच्या चहामळ्यांतला तो एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्याला आठवत असेल. तो राहतो त्या लेबर लाइनमधल्या, म्हणजे मळ्यातल्या मजुरांच्या चाळींमधल्या, बायकांबरोबर मी काही वर्षे काम करते आहे. आता तो घरी आला आहे, आणि हे पत्र लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपल्याआधी तो ज्यांच्या ज्यांच्या हाती होता, त्यांच्याविषयी लिहितानाही हात थरथरतो. मुकादमाने त्याला रुग्णालयाच्या फाटकाशी सोडले आणि फोन बंद केला. त्यापूर्वी एका खासगी दवाखान्याने आगाऊ रक्कम नाही म्हणून दारातूनच परत पाठवले होते. साइटवरच्या हजेरीवहीत त्याच्या नावाच्या जागी 'बंगाली' एवढेच लिहिलेले होते. मुलगा उराँव आदिवासी, घरात सादरी बोलणारा; पण ते विचारायला वेळ कोणाला होता?

आपण विचारलेत. त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवरच्या आईच्या नंबरावर दोन दिवस दुपारी फोन करून पाहिलात आणि कोणी उचलत नाही म्हटल्यावर, त्याच चिठ्ठीवरच्या दुसऱ्या नंबरावर मला गाठून, त्याची आई घरी नेमकी केव्हा असते, एवढेच विचारलेत. मी म्हटले, दिवसभराची पत्ती तोलून झाली की. त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला फोन आला. आपण मनगटावर पेनाने 'पाच – आई' असे लिहून ठेवत होता, हे त्याने मला परवा सांगितले. त्याला फोन धरता येत नव्हता म्हणून आपण तो त्याच्या कानाशी धरून उभ्या राहत होता, आणि मायलेकरांच्या सादरीतला एक शब्दही कळत नसताना मध्ये घाई केली नाहीत. औषधे, शस्त्रक्रिया, कागदपत्रे या सगळ्यांचे ऋण आहेच. पण त्या मनगटावरच्या दोन शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते.

आई का आली नाही, असे पुष्कळांनी मला जरा ठपक्याच्या सुरात विचारले. आपण विचारले नाहीत, तरी सांगते. लाइनमधले घर त्यांच्या नावावर नाही; घरातले कोणीतरी मळ्यात कायम कामावर असेल तोवरच ते छप्पर त्यांचे. घर, पाणी, दवाखाना देण्याची जबाबदारी १९५१ च्या मळे कामगार कायद्याने मालकावर टाकली होती, पण या घराचे पत्रे गळतात आणि पाणी दूरच्या नळावरून आणावे लागते. दिवसाची मजुरी २०२३ मध्ये २५० रुपये ठरली होती. खाडा झाला की तीही बुडते. थंडीत तोडणी थांबली की 'बिघा' म्हणवल्या जाणाऱ्या हंगामी मजुरांच्या हाताला काम उरत नाही, म्हणून तरुण मुले केरळ, बंगळूर, दिल्ली, पुणे गाठतात आणि घर राखायला आई मागे राहते. याच मुलाच्या पूर्वजांना मजूर जमवणाऱ्या दलालांनी छोटा नागपूरहून चहासाठी इथे आणले होते. आज पाचव्या पिढीतला मुलगा ठेकेदाराच्या मागून इथून बाहेर पडतो. माणसाला माणूस म्हणून वागवणारे कोणी अशा वाटेवर भेटले, तर ते किती मोठे असते, हे मी या पावसाळ्यात पाहिले.

त्याच्या आईला आपल्याला चहा पाठवायचा होता. तीस वर्षे पत्ती तोडूनही चांगला चहा त्यांच्या घरात येत नाही; मळ्यातून वाट्याला येते ती चुरा पत्ती. ती पाठवू का, असे त्यांनी मला दोनदा विचारले, आणि मी हो म्हटले. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली ती पुडी या पत्राच्या प्रतीबरोबर निघाली आहे.

आपली कृतज्ञ,
लाइनमधली एक मराठी बाई